हात पोचेल तेवढंच खुराडं

परसातल्या खुराड्याबद्दलच्या सगळ्या तक्रारी शेवटी कोंबडीच्या नावावर जमा होतात. वास सुटतो, कारण कोंबडी घाण करते. पिसवा झाल्या, कारण घरात कोंबड्या आहेत. मुंगूस आलं, कारण कोंबडी तिथे मुंगूस हे ठरलेलंच. दर आठवड्याला झाडा, पावसाच्या तोंडावर डागडुजी करा, आणि तरी श्रावण लागेपर्यंत पुन्हा तोच चिखल, तीच फाटलेली जाळी. हे काम ज्याच्या अंगावर पडतं, त्याच्या बाजूने पाहिलं तर हिशेब वेगळा निघतो. कोंबडी हगणार, उकरणार, रात्री जमेल तेवढ्या उंचावर बसणार. यात नवीन काही नाही आणि यात बदल होण्यासारखंही काही नाही. त्रासाचं मूळ बांधणीत आहे. खुराडं बांधताना कोंबड्या किती ते पाहतात, जागा किती लागेल ते पाहतात, कुत्र्याचा आणि कोल्ह्याचाही विचार करतात. पण ते झाडणार कोण आणि त्या माणसाचा हात आत कुठवर जाणार, हे सहसा कुणी मोजत नाही. माझ्या मते सफाई आणि दुरुस्ती ही दोन वेगळी कामंच नाहीत. हात पोचत नाही तिथे घाण साठते, आणि घाण साठते तिथेच खुराडं मोडायला लागतं.

कोकणातलं नेहमीचं खुराडं घ्या. गोठ्याच्या किंवा मागच्या पडवीच्या भिंतीला टेकून चिऱ्याच्या तीन भिंती, उंची कमरेएवढी, आत खोली चारेक फूट, वर पत्रा नाहीतर उरलेली कौलं, पुढे वर सरकणारी एक फळी. फळीमागची वाट कोंबडीच्या मापाची. झाडायचं तर गुडघे टेकून बसायचं, खांदा त्या वाटेत घालायचा, श्वास धरायचा आणि खराट्याने दिसेल तेवढं पुढे ओढायचं. पुढचा दोन फुटांचा पट्टा साफ होतो. मागचा कोपरा अंदाजावर. आता कोंबड्या रात्री बसतात कुठे? दारापासून लांब, अंधारात, म्हणजे नेमक्या त्याच मागच्या कोपऱ्यात. पूर्ण वाढलेली कोंबडी दिवसाला शंभर ते दीडशे ग्रॅम ओली विष्ठा टाकते. दहा कोंबड्या असतील तर किलोच्या वर. दिवसाची परसात विखुरते, ती माडाच्या आळ्यात गेली तर खतच. रात्रीची मात्र बसल्या जागी पडते. तिसरा हिस्सा रात्रीचा धरला तरी महिन्याला दहा किलोंच्या आसपास माल त्या एका कोपऱ्यात जमतो, जिथे खराटा पोचत नाही. मग वर्षातून एकदा कौलं काढून कुदळीने खणून काढायची वेळ येते, आणि या खणण्यालाच घराघरांत खुराड्याची सफाई म्हटलं जातं.

या ढिगाचा खरा धोका त्याच्या वजनात नाही, ओलाव्यात आहे. कोंबडीच्या ताज्या विष्ठेत जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असतं. कोंबडीला वेगळी लघवी नसते. विष्ठेवर जो पांढरा भाग दिसतो तेच तिचं मूत्र, म्हणजे युरिक ॲसिड. ते कोरडं राहिलं तर फारसा उपद्रव करत नाही. ओल मिळाली की जिवाणू कामाला लागतात आणि अमोनिया सुटतो, तो डोळ्यांना झोंबणारा वास. झाडणारा माणूस दोन मिनिटं तो सोसतो आणि तोंड बाहेर काढतो. कोंबडी त्याच हवेत रात्रभर बसते. हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे २५ भाग ही कुक्कुटपालनात सांभाळायची वरची हद्द मानतात, कारण त्यापुढे श्वासनलिकेचं अस्तर दुखावतं आणि सर्दी-खोकल्याच्या रोगांना वाट मोकळी होते. रक्ती हगवणीचंही तसंच. तिच्या सूक्ष्म जंतूंची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा लागण करण्याजोगी नसतात. ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ती तयार होतात, आणि मग चोचीतून पोटात गेली की पिल्लं रक्त हगायला लागतात. म्हणजे रोगाला एक-दोन दिवसांची सवड हवी असते. रोज हात फिरला तर ती सवड मिळत नाही. महिन्यातून एकदा घासूनपुसून केलेली सफाई इथे उपयोगाची नाही. रोजचं ओबडधोबड ओढणंच चालतं. आणि गुडघे टेकून, श्वास धरून करायचं काम रोज होत नाही. झाडणारं कुणी आळशी आहे म्हणून ते राहत नाही, ते काम तसं बांधलेलंच नाही म्हणून राहतं.

यावर पहिलं उत्तर मिळतं ते औषधाचं. चुना मारा, फिनेल टाका, ब्लीचिंग पावडर भुरभुरवा. चुन्याला माझा विरोध नाही. खरवडलेल्या, कोरड्या भिंतीला चुन्याची सफेदी द्यावी, तिने भेगा बुजतात आणि अंधाऱ्या खुराड्यात दिसायलाही लागतं. पण साठलेल्या ओल्या ढिगावर चुना टाकला की उलटंच होतं. चुना अल्कधर्मी, त्यामुळे ढिगात बांधलेला अमोनिया एकदम मोकळा होतो आणि वास कमी होण्याऐवजी भडकतो. ब्लीचिंग पावडरीचं प्रकरण त्याहून वाईट. तिचा क्लोरीन अमोनियाशी जुळला की तयार होणारा वायू माणसाच्या फुप्फुसालाही घातक असतो, आणि डोकं आत घालून काम करणाऱ्याला तो थेट नाकावर बसतो. जंतुनाशकाचा पहिला नियमच असा की आधी खरवडा, मग धुवा, मग वाळवा आणि शेवटी औषध. घाणीवर ओतलेलं फिनेल घाणीतच संपतं, खालच्या जमिनीपर्यंत पोचत नाही. रक्ती हगवणीच्या त्या अंड्यांना तर नेहमीची जंतुनाशकं दादच देत नाहीत. त्यांना मारतो तो कोरडेपणा आणि आच. म्हणजे औषधाची बाटली आणली तरी प्रश्न फिरून तिथेच: खरवडायला हात आत जातो का?

पिसवांची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण खुराडं सोडून देण्याची पाळी बहुतेकदा त्यांच्यामुळे येते. लोक सरसकट पिसवा म्हणतात, पण हातावर चढून खाज आणणारा जो बारीक ठिपका असतो तो बहुधा कोंबडीचा तांबडा किडा, कोळ्या-गोचिडांच्या जातकुळीतला. मिलीमीटरभरही मोठा नसतो. उपाशी असताना करडा, रक्त प्यायला की तांबडा. कोंबडीच्या अंगावर शोधाल तर दिवसा एकही सापडणार नाही, म्हणून लोक कोंबडीला पावडर लावतात, राखेत लोळवतात आणि चार दिवसांनी पुन्हा तेच बघून वैतागतात. हा किडा राहतो कोंबडीवर नाही, खुराड्यात. रात्री बाहेर येतो, रक्त पितो, उजाडायच्या आत परत भेगेत. तो बघायचा असेल तर बसायच्या दांडीचं टोक जिथे भिंतीत घातलेलं असतं, तिथे सुरीचं पातं सरकवावं. बाहेर आलेल्या पात्यावर करडी-पांढरी भुकटी दिसते, मीठमिरी सांडावी तशी. जरा थांबलं की ती भुकटी चालायला लागते, आणि बोटाने दाबली तर रक्ताचा फराटा उमटतो. उन्हाळ्यात आठवडा-दहा दिवसांत अंड्यापासून नवी पिढी तयार होते, आणि रिकाम्या खुराड्यात हा किडा कित्येक महिने उपाशी तग धरतो. म्हणून ‘कोंबड्या विकल्या, दोन महिने खुराडं रिकामं ठेवलं, आता नवीन आणू’ हा बेत फसतो. सगळ्यात जास्त हाल होतात ते रवणीला बसलेल्या खुडूक कोंबडीचे. ती एकवीस दिवस अंडी सोडून फारशी उठत नाही, आणि किड्याला एका जागी बसलेलं जेवण मिळतं. तिने मधेच अंडी टाकून दिली की तिलाच दोष देतात.

आता हा किडा कुठे राहू शकतो, हे बांधणाराच ठरवतो. चिरा मुळात भोकाभोकांचा दगड. आतून गिलावा न केलेली चिऱ्याची भिंत म्हणजे त्याच्यासाठी हजार खोल्या. भिंतीत पुरलेली दांडी, एकावर एक ठोकलेल्या दोन फळ्या, चिरलेला बांबू, साल न काढलेलं लाकूड ही सगळी त्याचीच घरं. दांडी काढता-घालता येत असेल तर ती बाहेर आणून कढत पाण्याने धुता येते, उन्हात टाकता येते, टोकांना गोडं तेल चोळता येतं; तेलात किडा गुदमरतो. ती भिंतीत पुरलेली असेल तर यातलं काहीच होत नाही. जळकं ऑइल फासण्याचीही पद्धत आहे. लाकडाला वाळवी लागत नाही हे खरं, पण ते वाळायच्या आत कोंबड्या बसल्या की पिसं माखतात, आणि कोंबडी चोचीने पिसं साफ करते तेव्हा ते पोटात जातं. चिऱ्याच्या भिंतीवर पेंढ्याचा टेंभा फिरवणं हा जुना उपाय मात्र चांगला आहे. फक्त टेंभा धरणाऱ्याला आत उभं राहता आलं पाहिजे, नाहीतर भिंतीऐवजी वरच्या वाशांना आग.

मोडतोडीकडे पाहिलं तरी तेच सूत्र. कोंबडीजाळी म्हणून षटकोनी विणीची जी बारीक तार बाजारात मिळते, ती कोंबडी आत ठेवायला बनवलेली आहे. बाहेरच्याला अडवायला नव्हे. कुत्र्याने दोन-चार वेळा पंजा मारला की तिची वीण उसवते. मुंगसाला तर फारसा जोरही लावावा लागत नाही, मुळाशी सुटलेली कडा पुरते. ही कडा सुटते कशी ते जवळून पाहण्यासारखं आहे. जाळी वर ठणठणीत असते, जस्ताची चमकही टिकलेली असते. पण जमिनीलगतच्या तीन-चार बोटांत ती आधी पांढरी पडते, मग तांबूस, आणि शेवटी बोटाने दाबली तरी तुटते. तिथे आतून तूस आणि विष्ठा टेकलेली असते, बाहेरून पागोळ्यांचा चिखल उडतो. ओल आणि अमोनिया दोन्ही जस्त खातात, आणि किनाऱ्याजवळच्या गावांत खारा वारा त्यात भर घालतो. जाळीच्या मुळाशी साठलेला तो ढीग दर आठवड्याला बाजूला झाला असता तर तीच जाळी कितीतरी जास्त टिकली असती. दाराच्या फळीचंही तसंच. तिच्या खाचेत विष्ठा घट्ट बसते, फळी खाली पुरती येत नाही, बोटभर फट राहते. माणूस वरून दगड ठेवतो आणि निश्चिंत झोपतो. साप, घूस, कांडेचोर यांना बोटाच्या फटीचा अर्थ माणसापेक्षा चांगला कळतो. सकाळी मेलेल्या कोंबड्या मोजताना जाळीवाल्याला शिव्या घातल्या जातात, पण फट पडली ती खराटा न फिरल्यामुळे.

पावसाचा भाग वेगळा सांगायला हवा असं नाही. वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात पत्र्याचा खिळा पन्हाळीत ठोकला की गळणार आणि उंचवट्यावर ठोकला की कमी गळणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. एक गोष्ट मात्र सतत चुकीची होते. आषाढात खुराड्याला चारी बाजूंनी प्लास्टिक गुंडाळतात. पाऊस बाहेर राहतो, पण कोंबड्यांच्या श्वासातली आणि विष्ठेतली वाफ आतच अडकते, पत्र्याच्या आतल्या बाजूला थेंब धरतात आणि खाली पडतात. बाहेरून कोरडं ठेवलेलं खुराडं आतून ओलं होतं. खाली बंद आणि वर, बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्याही वर, जाळीची मोकळी पट्टी, तिच्यावर पुढे आलेला पत्रा, एवढं केलं तर प्लास्टिक लागत नाही.

जाणकार शेतकरी इथे एक आक्षेप घेतात, आणि तो वजनदार आहे. ते म्हणतात, रोज झाडायचंच कशाला? भातगिरणीवरून तूस आणा, चार-सहा इंचांची गादी टाका. ती विष्ठा शोषून घेते, वर्षभर हात लावावा लागत नाही, शेवटी खत मिळतं. पोल्ट्रीच्या शेडमध्ये हे चालतं, यात शंका नाही. पण तिथे का चालतं ते पाहायला हवं. शेडमध्ये माणूस उभा चालतो, दाताळ्याने तूस खालीवर करतो, पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला भाग उचलून तिथे कोरडा टाकतो. गादी जिवंत राहते ती या खालीवर करण्यामुळे. मूठभर तूस दाबून पाहावं: हात सोडल्यावर तो विसकटला तर ठीक, लाडू वळला तर गादी बिघडली. कमरेएवढ्या खुराड्यात, जिथे हात अर्ध्यावरच थांबतो, तिथे जुलैच्या हवेत त्या गादीवर पंधरा दिवसांत खपली धरते. कोंबड्याही ती उकरत नाहीत, कारण दिवसा त्या बाहेर आणि रात्री झोपलेल्या. तेव्हा गादीची पद्धत माझं म्हणणं खोडत नाही. रोजचं झाडणं ती वाचवते, पण आत शिरण्याची गरज वाचवत नाही.

दुसरा आक्षेप जुन्या माणसांचा. पूर्वी कुठे होती एवढी खुराडी? कोंबड्या आंब्यावर नाहीतर माळ्यावर बसायच्या, पिल्लं डालग्याखाली. तेव्हा हे रोग, हे किडे कुणी बोललं नाही. यात तथ्य आहे. बांबूचं डालगं हे साफ करायला सगळ्यात सोपं घर: उचला, झटका, उन्हात पालथं घाला, मोडलं तर नवीन विणा. झाडावर बसणाऱ्या कोंबडीची घाण तर पावसानेच धुतली जायची. पण ती कोंबडी हलकी, गावठी, वर्षाला साठ-सत्तर अंडी देणारी होती, आणि घरटी चार-पाच. रात्री कांडेचोराने एक नेली तरी कुणी तक्रार घेऊन जात नसे. मानमोडीच्या साथीत सगळ्या मरायच्या तेही नशिबात धरलेलं. आज परसात आलेल्या बंगळुरूच्या गिरिराज किंवा हैदराबादच्या वनराज जातीच्या कोंबड्या अंगाने जड. त्यांना आंब्याची फांदी झेपत नाही. आणि हा व्याप कमी होत चाललेला नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या सुमारे ८५ कोटी पक्ष्यांपैकी जवळजवळ ३२ कोटी परसातले निघाले. २०१२ च्या तुलनेत परसातल्या पक्ष्यांत ४६ टक्क्यांच्या आसपास वाढ, आणि त्याच काळात व्यावसायिक पोल्ट्रीत पाच टक्क्यांहून कमी. साथही आता नशिबावर सोडता येत नाही: फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला उघड झाला, तेव्हा मोठ्या शेडांबरोबर आजूबाजूच्या गावांतल्या घरगुती कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. डालग्याची आठवण काढावी; पण त्यातून घ्यायचं ते हेच की जुनं साधन हातात मावत होतं.

खर्चाचा आक्षेप उरतो, आणि तो मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. दहा कोंबड्यांसाठी माणूस उभा राहील एवढं खुराडं म्हणजे जवळजवळ खोलीच. तेवढे पैसे अंड्यांतून कधी निघायचे? निघणार नाहीत, हे कबूल. पण हिशेबात एक रक्कम कुणी मांडत नाही. हे खुराडं झाडते ती बहुतेक घरांत बाई, सकाळच्या पहिल्या घाईत, गोठा आणि चूल यांच्या मधल्या वेळात. तिच्या पाठीचा, डोळ्यांचा, श्वासाचा खर्च शून्य धरला म्हणून कमरेएवढं खुराडं स्वस्त पडतं. शिवाय उभं राहता येण्याची गरजही नाही. हात सगळ्या कोपऱ्यांना लागला की पुरे. त्यासाठी खोली चार फुटांऐवजी अडीच फूट ठेवायची आणि लांबी वाढवायची. जागा तेवढीच राहते. दांडी खोबणीत नुसती टेकवलेली. दांडीखाली एक पत्रा, जो खणासारखा बाहेर ओढता येतो, म्हणजे रात्रीची सगळी घाण एका झटक्यात माडाच्या खड्ड्यात. यातल्या कशालाच मोठा खर्च नाही. बांधण्याच्या दिवशी झाडणारीला विचारलं तर हे सगळं तीच सांगेल.

जी खुराडी आधीच बांधलेली आहेत ती पाडायचंही कारण नाही. बाजूच्या भिंतीतले, मागच्या कोपऱ्यालगतचे, तळाचे दोन-चार चिरे काढले की तिथून कोपरा गाठता येतो. त्या जागी चौकट बसवून अर्ध्या इंचाच्या वेल्डमेशचं आडवं दार करायचं, खाली झुकणारं, म्हणजे विष्ठा ओढता ओढता त्यावरूनच घमेल्यात पडते. पत्रा असेल तर तो एका बाजूने बिजागरीवर घ्यायचा; वादळात उडू नये म्हणून दुसऱ्या बाजूला दोन हूक. आतली चिऱ्याची भिंत सिमेंटने लिंपून घ्यायची, कोपरे गोलसर काढायचे, कारण काटकोनात खराटा फिरत नाही. ‘दुसरं दार म्हणजे मुंगसाला दुसरी वाट’ अशी शंका लगेच येते, आणि ती रास्त आहे. म्हणून नवीन दाराला नुसती फिरती खिटी चालणार नाही, कडी हवी, आणि कडीत अडकवायला दोरीने बांधलेला खिळा. ती कडी एका हाताने निघेल अशी बसवावी, कारण दुसऱ्या हातात घमेलं असतं.